एलएसटी-३२५ : मुद्दाम वाळूवर चढवल्या जाणाऱ्या जहाजाची गोष्ट

सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ 'गुलदार' हे नौदलाचे निवृत्त जहाज समुद्रतळाशी विसावू देऊन तेथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभी करण्याची योजना जाहीर झाली, तेव्हापासून त्या जहाजाच्या नावामागे 'लँडिंग शिप टँक' हे तीन शब्द वारंवार वाचनात येत आहेत. रणगाडे वाहून नेणारे जहाज, इतपत अर्थ त्यातून लागतो. मात्र असे जहाज इतर मालवाहू जहाजांपेक्षा नेमके कशात वेगळे असते आणि त्यासाठी स्वतंत्र जातच का घडवावी लागली, हे बातमीतून कळत नाही. या जातीचा जन्म दुसऱ्या महायुद्धात झाला. ती समजून घ्यायची, तर त्या युद्धातल्या एखाद्या जहाजाचा माग काढणे सर्वांत सोपे, आणि त्यासाठी अमेरिकेच्या एलएसटी-३२५ इतके योग्य उदाहरण दुसरे नाही, कारण हे जहाज आजही स्वतःच्या इंजिनांवर चालते.

'एलएसटी' हे लँडिंग शिप टँक या नावाचे संक्षिप्त रूप आहे. पुढे तेच वापरतो.

बंदर नसेल तर रणगाडा उतरवायचा कसा?

सैनिक छोट्या होडीतून किनाऱ्याजवळ जाऊन गुडघाभर पाण्यात उडी मारू शकतो, परंतु तीस टनांचा रणगाडा तसा उतरत नाही. त्याला धक्का लागतो, धक्क्यावर अवजड क्रेन लागते आणि जहाज लागण्याइतके खोल पाणी लागते. म्हणजेच बंदर लागते. शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर नेमकी बंदरेच सर्वाधिक मजबूत असतात, आणि ती हातची जाणार असे दिसताच शत्रू ती उद्ध्वस्त करून मागे हटतो. ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्समधल्या दिएप बंदरावर घातलेला छापा दोस्त राष्ट्रांना फार महागात पडला. जून १९४४ च्या अखेरीस शेरबूर्ग बंदर जिंकून घेतले, तेव्हा जर्मनांनी ते आधीच निकामी करून ठेवले होते.

बंदराविना रणगाडे उतरवणारे जहाज हवे, ही गरज ब्रिटिशांना १९४० मध्ये डंकर्कहून आपली बहुतेक सगळी अवजड सामग्री मागे टाकून माघार घ्यावी लागली तेव्हाच प्रकर्षाने जाणवली होती. त्यांनी प्रथम व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या उथळ पाण्यासाठी बांधलेली तीन तेलवाहू जहाजे घेतली आणि त्यांच्या पुढच्या बाजूला दारे बसवली. प्रयोग बरा ठरला, पण तीन जहाजांनी युरोपवर स्वारी होत नाही. म्हणून ब्रिटिश अधिकारी मदतीसाठी अमेरिकेत गेले आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाचे जहाजरचनाकार जॉन नीडरमायर यांनी या जहाजाचे पहिले रेखाटन केले. पुढे जे जहाज प्रत्यक्षात उतरले, ते त्या रेखाटनापासून फार दूर गेले नाही.

एकाच जहाजाला दोन स्वभाव

नीडरमायर यांच्यापुढे पेच असा होता की अटलांटिक महासागर ओलांडणारे जहाज पाण्यात पुरेसे खोल बसले पाहिजे, नाहीतर वारा आणि लाटा त्याला भिरकावून देतात. आणि किनाऱ्यावर चढणारे जहाज तर पाण्याच्या वरच्या वर राहिले पाहिजे, नाहीतर ते किनाऱ्यापासून दूरच रुतते. या दोन्ही मागण्या एकाच लोखंडी सांगाड्याकडून पूर्ण करून घ्यायच्या होत्या.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पोटातल्या टाक्या. भर समुद्रात असताना या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घ्यायचे, म्हणजे जहाज जड होऊन खाली बसते. किनारा जवळ आला की पंपांनी ते पाणी बाहेर फेकायचे, म्हणजे जहाज वर येते. तोल सांभाळण्यासाठी असे वजन घेणे ही कल्पना नवी नव्हती. शिडाच्या गलबतांतून दगड आणि वाळू याच कामासाठी भरली जात. नवे होते ते इतक्या मोठ्या प्रमाणावर पाणी आत-बाहेर करून जहाजाची बैठकच बदलणे.

आकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. एलएसटीची लांबी ३२८ फूट, म्हणजे १०० मीटर, आणि रुंदी ५० फूट असे. किनाऱ्यावर चढण्याच्या वेळी ५०० टन माल भरलेला असताना त्याचा पुढचा भाग जेमतेम १.२ मीटर आणि मागचा भाग सुमारे ३ मीटर पाण्यात बुडालेला असे. पुढे कमी आणि मागे जास्त, हा उतार मुद्दाम ठेवलेला होता. किनाऱ्याजवळचा समुद्रतळही साधारण तसाच चढत जातो, त्यामुळे जहाजाच्या तळाचा बराच भाग एकदम वाळूवर टेकत असे. दर ५० फुटांमागे १ फूट चढ, असा किनारा रचनाकारांनी गृहीत धरला होता.

तळ सपाट होता. नेहमीच्या जहाजाचा तळ निमुळता असतो आणि तो पाणी कापत जातो. एलएसटी मात्र पाण्यावर ठेवलेल्या परातीसारखे वागे: उथळ पाण्यात चालायचे, पण वाऱ्याने बाजूला सरकायचे, लाटांवर आपटायचे आणि सतत डोलायचे. त्यावरून गेलेल्या सैनिकांच्या आठवणींत समुद्र लागण्याचा उल्लेख हमखास सापडतो. दोन डिझेल इंजिने मिळून १,८०० अश्वशक्ती देत आणि कमाल वेग सुमारे १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटरच्या आसपास होता.

किनाऱ्यावर चढण्याची क्रिया अशी होती. किनारा काही अंतरावर असतानाच जहाजाच्या मागच्या टोकाचा नांगर समुद्रात सोडला जाई. जहाज पुढे सरकत राही आणि नांगराची तार उलगडत जाई. पुढचा भाग वाळूत घुसून थांबला की समोरची दोन मोठी दारे उघडत, आतला लोखंडी उतार खाली टेकवला जाई आणि तळमजल्यावर ओळीने उभे असलेले रणगाडे व ट्रक आपापल्या चाकांवर बाहेर पडत. परतताना मागचा नांगर कामाला येई: यंत्राने तार गुंडाळायची, जोडीला इंजिने उलटी चालवायची आणि जहाजाला मागे खेचून घ्यायचे. पुढे चालताना टाकलेला नांगर मागे येण्यासाठी वापरण्याची ही युक्ती मला साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आणखी एक अडचण वरवर किरकोळ, पण जीवघेणी होती. बंद तळमजल्यावर वीस रणगाडे एकदम सुरू केले तर त्यांच्या धुराने माणसे गुदमरतील. म्हणून १९४२ मध्ये केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्स या लष्करी तळावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जहाजाच्या या मजल्याची हुबेहूब प्रतिकृती जमिनीवर उभारण्यात आली. तिच्यात खरे रणगाडे सुरू करून हवा बाहेर खेचणारे पंखे किती आणि कोठे हवेत हे ठरवले गेले.

समुद्र नसलेल्या गावात बांधलेली जहाजे

किनाऱ्यावरच्या गोद्या विमानवाहू आणि विनाशिका बांधण्यात गुंतल्या होत्या. एलएसटी उथळ पाण्यात चालत असल्याने ती देशाच्या आतल्या भागात, नदीकाठी बांधून नदीमार्गे समुद्रात आणता येत होती. त्यामुळे पूल बांधणाऱ्या आणि पोलादी कामे करणाऱ्या कंपन्यांनी नदीकाठी गोद्या उघडल्या. इंडियाना राज्यात ओहायो नदीवर वसलेल्या इव्हान्सव्हिल या एकाच गावात १६७ एलएसटी तयार झाल्या. युद्धकाळात अमेरिकेने बांधलेल्या एलएसटींची एकूण संख्या १,०५१ आहे.

एवढे असूनही त्या पुरल्या नाहीत. एकाच वेळी भूमध्य समुद्र, इंग्लिश खाडी आणि पॅसिफिक या तिन्ही ठिकाणांहून त्यांना मागणी होती. फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरची स्वारी मे १९४४ वरून जूनवर गेली, त्यामागे उतरण्याच्या जहाजांचे आणखी एका महिन्याचे उत्पादन पदरात पडावे हा एक हिशेब होता. दक्षिण फ्रान्समध्ये त्याच सुमारास व्हायची स्वारी तर याच टंचाईमुळे ऑगस्टपर्यंत लांबली. महायुद्धाचे वेळापत्रक अशा ओबडधोबड जहाजांच्या संख्येवर अडून राहावे, याबद्दल चर्चिल यांनी उघड चिडचिड व्यक्त केली होती.

एलएसटी-३२५ चे युद्ध

हे जहाज नदीकाठचे नव्हे. ते फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत बांधले गेले. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी ते पाण्यात उतरले आणि १ फेब्रुवारी १९४३ रोजी नौदलात दाखल झाले. खलाशी शंभराहून थोडे अधिक, आणि त्यांतल्या बहुतेकांनी यापूर्वी समुद्रावर काम केलेले नव्हते.

वसंत ऋतूत अल्जीरियाच्या किनाऱ्यावर सराव करून जुलै १९४३ मध्ये ते सिसिलीतल्या जेला येथील स्वारीत उतरले. कागदावरचा किनारा आणि खरा किनारा यांतले अंतर तेथे दिसले. किनाऱ्याच्या अलीकडे पाण्याखाली वाळूचे दांडे होते. जहाज त्यांवरच अडे आणि पुढे किनाऱ्यापर्यंत पुन्हा खोल पाणी राही. या कामासाठी पोलादी पेट्या जोडून केलेले तरंगते पूल सोबत नेलेले होते. ते जहाजाच्या तोंडाशी लावून वाहने बाहेर काढावी लागली. सप्टेंबरमध्ये इटलीतल्या सालेर्नोकडे त्याच्या खेपा झाल्या आणि वर्षअखेर ते इंग्लंडला पोहोचले.

नॉर्मंडीत ते ओमाहा किनाऱ्यासाठीच्या पाठराखणीच्या दलात होते आणि ७ जून १९४४ रोजी तेथे पोहोचले. त्या जून महिन्यातले एलएसटी-३२५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ओहोटी लागून समुद्र पार मागे गेला आहे आणि शंभर मीटर लांबीचे जहाज कोरड्या वाळूवर बसले आहे. शेजारी एलएसटी-३८८ तशीच उभी आहे. एरवी कधीही दृष्टीस न पडणारी सुकाणू आणि जहाज पुढे ढकलणारे पंखे उघड्यावर आले आहेत, आणि मागच्या टोकाला तो नांगरही स्पष्ट दिसतो.

हा अपघात नव्हता. नॉर्मंडीत भरती आणि ओहोटीच्या पाण्याच्या पातळीत सहा मीटरांच्या आसपास फरक पडतो. जहाज पाणी उतरत असताना टेकवायचे, कोरडे पडू द्यायचे, वाहने बिनपाण्याची थेट वाळूवर उतरवायची आणि पुढच्या भरतीला निघून जायचे, अशी ती पद्धत होती. जहाजाचा कणा या भाराने मोडेल अशी भीती सुरुवातीला होती, ती प्रत्यक्षात खरी ठरली नाही. शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात काही तास निश्चल पडून राहणे मात्र भाग होते.

एप्रिल १९४५ पर्यंत या जहाजाने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात चाळीसहून अधिक खेपा केल्या. ओमाहा, यूटा, गोल्ड आणि जुनो या किनाऱ्यांवर, पुढे सेन नदीतून आत रुआं शहरापर्यंत ते गेले. जाताना वाहने आणि परतताना जखमी, असा बहुतेक एलएसटींचा क्रम होता. रणगाड्यांच्या मजल्याच्या भिंतींवर स्ट्रेचर अडकवण्याची सोय केलेली असे. नॉर्मंडीहून एलएसटींनी मिळून ४१ हजारांहून अधिक जखमी परत आणले. २८ डिसेंबर १९४४ रोजी 'एम्पायर जॅव्हलिन' हे सैनिकवाहू जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले, तेव्हा त्यावरच्या सुमारे ७०० जणांना एलएसटी-३२५ ने वाचवले. या कामगिरीबद्दल तिचे कप्तान क्लिफर्ड मोझियर यांना पदक मिळाले.

इतके संथ जहाज म्हणजे आयते सावज नव्हते का?

हा आक्षेप खलाशांनी स्वतःच घेतला होता. एलएसटी या तीन अक्षरांचा अर्थ 'लार्ज स्लो टार्गेट', म्हणजे 'मोठे, संथ लक्ष्य', असा लावून ते स्वतःची थट्टा करत. तिच्यात तथ्यही होते. २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ नॉर्मंडीची रंगीत तालीम चालू असताना जर्मन वेगवान टॉर्पेडो नौकांनी ताफा गाठला. दोन एलएसटी बुडाल्या, तिसरी मोडकळीस आली आणि शेकडो अमेरिकी सैनिक व खलाशी मरण पावले. महिनाभरात, २१ मे रोजी, पर्ल हार्बरच्या वेस्ट लॉक भागात दारूगोळा भरताना झालेल्या स्फोटाने सहा एलएसटी नष्ट झाल्या आणि १६३ जणांचा बळी गेला. तेथे शत्रू नव्हताच.

तरीही एकूण हिशेब वेगळे सांगतो. हजाराहून अधिक जहाजांपैकी शत्रूच्या हल्ल्यात २६ गेली, आणि वादळ, खडक किंवा अपघात यांत १३. याचे एक कारण असे दिले जाते की समोरासमोरच्या लढाईत त्यांना कोणी नेतच नव्हते; त्या ताफ्यातून, विनाशिकांच्या पहाऱ्यात जात. दुसरे कारण रचनेत होते. बाजूच्या भिंतींत आणि तळाशी इतक्या टाक्या होत्या की एखादी फुटली तरी सगळे जहाज एकदम पाण्याने भरत नसे. तळ उथळ असल्याने पाण्याखालून येणारा टॉर्पेडो खालून निसटून जाण्याचीही शक्यता असे. यावर फार विसंबून राहावे असे नव्हे, कारण तालमीतल्या त्या दोन जहाजांना टॉर्पेडोंनीच बुडवले.

एलएसटी-३२५ शत्रूच्या माऱ्यातून वाचली, पण स्वतःच्या सपाट तळामुळे जवळजवळ गेली. युरोपातले युद्ध संपल्यावर मे १९४५ मध्ये ती उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून मायदेशी निघाली आणि वाटेत तिला वादळाने गाठले. पुढचा भाग एका मोठ्या लाटेवर आपटला आणि वरच्या डेकवर आडवी भेग पडली. वितळजोड करणाऱ्या खलाशांनी भेगेवर पोलादी पत्रे जोडून ती थोपवली. महिनाअखेर जहाज नॉरफोकला पोहोचले. पॅसिफिकच्या मोहिमेसाठी दुरुस्ती चालू होती तोवर जपानने शरणागती पत्करली.

युद्धानंतर पंचावन्न वर्षे

जहाजांचे युद्धोत्तर आयुष्य सहसा दोन ओळींत आटोपते: निवृत्ती आणि भंगार. येथे तसे झाले नाही. जुलै १९४६ मध्ये सेवेतून काढलेले हे जहाज १९५१ मध्ये पुन्हा बाहेर काढले गेले, कारण लॅब्राडोर आणि बॅफिन उपसागराच्या बर्फाळ किनाऱ्यांवर रडार केंद्रे उभारायची होती आणि तेथे बंदरे नव्हती. अडचण तीच, शत्रू तेवढा वजा. १९६४ मध्ये अमेरिकेने ते ग्रीसला दिले. बेटाबेटांच्या त्या देशात 'सायरोस' या नावाने त्याने १९९९ पर्यंत चाकरी केली.

त्यानंतर एलएसटींवर काम केलेल्या अमेरिकी माजी खलाशांनी ते संग्रहालयासाठी मागून घेतले. क्रीट बेटावरच्या सूडा तळावर जाऊन त्यांनी स्वतः दुरुस्ती केली. या खलाशांचे सरासरी वय ७२ होते, आणि हिवाळ्यात अटलांटिक ओलांडू नये असे अमेरिकी तटरक्षक दलाचे मत होते. कप्तान रॉबर्ट जॉर्नलिन यांच्या हाताखाली जहाज १४ नोव्हेंबर २००० रोजी क्रीटहून निघाले, जिब्राल्टरला थांबले आणि १० जानेवारी २००१ रोजी अलाबामातल्या मोबील बंदरात शिरले. २००५ पासून त्याचा मुक्काम इव्हान्सव्हिलला आहे.

भारतीय नौदलात काय झाले?

भारताचा संबंध १९४९ पासूनचा. ब्रिटिशांनी युद्धाच्या शेवटी स्वतः बांधलेल्या एलएसटींपैकी 'अव्हेंजर' ही भारताला मिळाली आणि पुढे 'मगर' नावाने ओळखली गेली. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवण्यासाठी 'घडियाल' आणि 'गुलदार' ही जहाजे गेली, आणि जेलाची अडचण तेथे पुन्हा पुढे आली. जहाज वाळूच्या दांड्याला टेकले, पुढे पाणी खोल निघाले आणि उतरलेल्यांपैकी दोघे जवान बुडाले. जहाज कितीही चांगले असो, किनाऱ्याची आधी नीट मोजणी नसेल तर त्याचा उपयोग होत नाही, हे यातून शिकायचे. निवतीची 'गुलदार' ही नव्हे. ती त्याच नावाची पुढची, १९८५ मध्ये पोलंडमध्ये सेवेत दाखल झालेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली, सुमारे ८४ मीटर लांबीची. 'मगर' या नावाच्याही पुढच्या जहाजाने मे २०२० मध्ये मालदीवमध्ये अडकलेल्या भारतीयांना कोचीला आणले होते.

हेलिकॉप्टरच्या काळात याची गरज उरली आहे का?

क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात येऊन वाळूवर तासन्‌तास बसणे आज परवडणारे नाही, ही टीका रास्त आहे. म्हणूनच मोठ्या नौदलांनी जहाज क्षितिजापलीकडे ठेवून हेलिकॉप्टर आणि हवेच्या गादीवर चालणाऱ्या हॉवरक्राफ्ट नौकांनी माणसे व वाहने उतरवण्याचा मार्ग धरला. वेगाची हौसही नडली होती. अमेरिकेने १९६० च्या दशकात २० नॉटची एलएसटी बांधायला घेतली, तेव्हा पुढचा भाग निमुळता करावा लागला, दारे गेली, आणि त्याऐवजी नाकावरून खाली सोडायचा लांब पूल आला. अमेरिकी नौदलात अशी जहाजे २००२ पर्यंत टिकली.

परंतु सर्व देशांना हेलिकॉप्टरांचा ताफा परवडत नाही, आणि रणगाडा उचलणारे हेलिकॉप्टर तर कोणाकडेच नाही. पूर, त्सुनामी, उद्ध्वस्त धक्का, दुर्गम बेट अशा प्रसंगी ट्रक चाकांवर बाहेर पडणे आजही सर्वांत स्वस्त ठरते. भारताकडे 'शार्दूल' जातीची तीन जहाजे याच कामासाठी आहेत. अमेरिकी नौदलानेही पॅसिफिकमधल्या बेटांसाठी, किनाऱ्यावर चढू शकणाऱ्या मध्यम जहाजांची योजना हाती घेतली. सुरुवातीला तिच्यात मागितलेली लांबी होती २०० ते ४०० फूट, आणि वेग किमान १४ नॉट.